गिंबल घेण्याआधी कॅमेरा वाण्याच्या काट्यावर ठेवा

तुमचा प्रश्न असा: देवगडजवळ घरचाच होमस्टे, हाताशी सोनीचा झेडव्ही-ई१० कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १६-५० ची किट लेन्स आणि नंतर घेतलेली सिग्माची १६ मिमी एफ १.४. घराचे, आमराईचे, किनाऱ्याचे व्हिडिओ करायचेत, शिमग्यात पालखी टिपायची आहे, आणि जमलं तर गावातली एखाददुसरी लग्नंही घ्यायची आहेत. गिंबलसाठी, म्हणजे हात हलला तरी मोटरींनी कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यासाठी, २५ हजार बाजूला काढलेत. कोणता घ्यावा?

मी रत्नागिरीत गेली १२ वर्षं लग्नं आणि होमस्टेची कामं करतो. या काळात चार गिंबल हाताखालून गेले, त्यातला एक खाऱ्या पाण्याने गेला. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

कंपनीचं नाव ठरवण्याआधी एक काम करा. कॅमेरा घेऊन नाक्यावरच्या वाण्याकडे जा आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. पण नुसता नाही. बॅटरी आत, कार्ड आत, तुमची सगळ्यांत जड लेन्स लावलेली, त्यावर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच), वर माइक. शूटिंगला जसा नेणार तसाच्या तसा. तो आकडा कागदावर लिहून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर होतात.

तुमच्या बाबतीत हिशोब असा बसतो. झेडव्ही-ई१० बॅटरी-कार्डासकट ३४३ ग्रॅम. किट लेन्स ११६ ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून ४५९. इतक्या वजनाला जवळजवळ कुठलाही छोटा गिंबल चालतो, आणि दुकानदार तुम्हाला हाच जोड लावून दाखवणार. पण सिग्माची १६ मिमी एकटीच ४०५ ग्रॅम आहे. ती लावली की ७४८. त्यावर ६७ मिमीचा फिरता एनडी आणि छोटा माइक चढवला की ९०० च्या आसपास जाता. झियुनचा क्रेन एम२ हा जुन्या बाजारात बऱ्याचदा स्वस्तात मिळतो आणि दिसायला देखणा आहे, पण त्याची क्षमता ७२० ग्रॅम. किट लेन्सला तो पुरतो, सिग्मा लावली की नुसत्या कॅमेरा-लेन्सलाच कमी पडतो. असा गिंबल घेऊन महिन्याभरात पस्तावलेली मुलं माझ्याकडे येतात, म्हणून हे आधी सांगितलं.

खोक्यावर लिहिलेला क्षमतेचा आकडा कसा वाचायचा, तेही समजून घ्या. तो आकडा नीट बॅलन्स केलेल्या कॅमेऱ्यासाठी असतो. गिंबलच्या तीन मोटरी वजन उचलत नाहीत. वजन उचलतो तो दांडा आणि तुमचं मनगट. मोटरींचं काम एवढंच, की हात हलला तरी कॅमेरा जागच्या जागी धरायचा. तराजूची दोन्ही पारडी सारखी असली की बोटाच्या टोकाने दांडी सरळ राहते. एक पारडं जड झालं की दांडी सतत दाबून धरावी लागते. मोटरचं तसंच. कॅमेरा पुढे झुकलेला असेल तर ती अखंड जोर लावत राहते, तापते, बॅटरी खाते, आणि शेवटी बारीक थरथर चित्रात उतरते. म्हणून वजनाइतकीच लेन्सची लांबीही महत्त्वाची. आखूड आणि जड लेन्स सांभाळणं सोपं, लांब आणि पुढून जड लेन्स अवघड. माझा नियम असा, की काट्यावरचा आकडा क्षमतेच्या दोन तृतीयांशाच्या पुढे जाऊ देत नाही.

या नियमाने तुमच्या ९०० ग्रॅमना दीड-दोन किलो क्षमता हवी. फेयूटेकच्या स्कॉर्प मिनीची क्षमता १.२ किलो आहे. सिग्मासकट तुमचा कॅमेरा त्यावर चालेल, पण हात राखून चालेल. उद्या मोठा कॅमेरा आला तर संपलंच. सोनी ए७ फोर ६५८ ग्रॅमचा आणि त्यावरची टॅमरॉनची २८-७५ जी२ ५४० ग्रॅमची, म्हणजे ११९८. काठोकाठ. डीजेआयचा आरएस ३ मिनी २०२३ च्या जानेवारीत आला, क्षमता २ किलो आणि स्वतःचं वजन ७९५ ग्रॅम. तुमच्या कामासाठी माझी पहिली पसंती हाच. त्याच्यानंतरचा आरएस ४ मिनी २०२५ मध्ये आला. क्षमता तीच २ किलो, पण त्याच्या सांध्यांची कुलपं आपोआप लागतात-उघडतात आणि बॅटरी जास्त चालते. सोय चांगली आहे, पण तेवढ्यासाठी बजेट ताणू नका. नवा डीजेआय बजेटच्या बाहेर जात असेल तर फेयूटेकचा स्कॉर्प-सी बघा. क्षमता अडीच किलो, हाताला मात्र आरएस ३ मिनीपेक्षा जड.

‘मग सरळ ३ किलो क्षमतेचाच घेतो, पुढेमागे उपयोगी पडेल’ असं बरेच जण म्हणतात. मीही एकदा म्हटलं होतं आणि आरएस ३ घेतला. गिंबल उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो स्वतःच जवळजवळ १.३ किलोचा. तुमचा ९०० ग्रॅमचा कॅमेरा त्यावर चढला की हातात २.२ किलो. आरएस ३ मिनीवर तोच कॅमेरा १.७ च्या आत राहतो. अर्धा किलो म्हणजे काय मोठंसं, असं दुकानात वाटतं. वैशाखातल्या लग्नात, मांडवाच्या पत्र्याखाली, सीमांतपूजनापासून पंगतीपर्यंत हात पुढे करून धरा, मग कळतं. दुपारी बारानंतर हात खाली यायला लागतो, आणि हात खाली आला की सगळी चित्रं बेंबीच्या उंचीवरून दिसायला लागतात. थकलेल्या हाताने घेतलेला शॉट मला लगेच ओळखू येतो. म्हणून गरजेपुरता आणि हलका, हेच मी प्रत्येकाला सांगतो.

एक शक्यता तपासून पाहा, म्हणजे कदाचित लगेच खर्चच करावा लागणार नाही. तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवणारं स्थिरीकरण नाही, पण तो आपली हालचाल जायरोच्या (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या) नोंदीतून व्हिडिओच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. स्टेडीशॉट (सोनीचं स्वतःचं स्थिरीकरण) बंद ठेवून, शटर (एक फ्रेम टिपायचा वेळ) १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून शूट करा आणि ती फाइल संगणकावर जायरोफ्लो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. कडा थोड्या कापल्या जातात, पण किनाऱ्यावरच्या भर उन्हात घेतलेला, १६ मिमीचा, सावकाश चालीचा शॉट यातून सुरेख स्थिर होतो. अंधारात मात्र हे जमत नाही, कारण शटर हळू केलं की प्रत्येक फ्रेम थोडी पुसट येते आणि तो पुसटपणा सॉफ्टवेअर काढू शकत नाही. तुमच्या माजघरात आणि रात्रीच्या मांडवात गिंबलच लागणार. तरीही आठ दिवस हे करून बघा. आपल्याला गिंबल नेमका कुठे हवा आहे हे त्यातून उमगतं.

होमस्टेच्या व्हिडिओत गिंबलचा खरा उपयोग घरात शिरताना होतो. खळ्यातून निघायचं, पडवीची पायरी चढायची, झोपाळ्याच्या बाजूने ओटीवर, आणि तिथून बुटक्या दारातून माजघरात. हा एकच शॉट पाहुण्याला ते घर जसं सांगतो तसं दहा फोटो सांगत नाहीत. यात तीन अडचणी येतात. पहिली, बाहेर लख्ख ऊन आणि आत शेणाने सारवलेल्या जमिनीचा गार अंधार. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडलं तर दारातच चित्र भसकन उजळतं. मी शॉट दोन तुकड्यांत घेतो. बाहेरचा तुकडा दाराच्या काळ्या लाकडी चौकटीवर संपवायचा, आतला त्याच चौकटीवरून सुरू करायचा, आणि दोन्हींना आपापला प्रकाश हाताने बांधून द्यायचा. जोड काळोखात लपतो. दुसरी अडचण, दार बुटकं. गिंबल आडवा करून, खाली लोंबता धरून जायचं. हे दुकानात करून बघा. काही गिंबलांना खाली धरायला वेगळा हात जोडावा लागतो. तिसरी अडचण तुमच्याच कॅमेऱ्याची आहे. झेडव्ही-ई१० चा सेन्सर ४के मध्ये ओळीओळीने सावकाश वाचला जातो, त्यामुळे झटक्यात पॅन केलात (कॅमेरा आडवा फिरवलात) की उभे खांब आणि माड तिरके झालेले दिसतात. त्याला कुठलाही गिंबल उपाय नाही. गिंबलच्या ॲपमध्ये पॅनचा वेग कमी करून ठेवा आणि वळणं सावकाश घ्या.

त्याच ॲपमध्ये मोटरचा जोर आपोआप ठरवायचं बटण असतं. लेन्स बदलली की दर वेळी ते दाबायचं, पण त्याआधी हाताने बॅलन्स करायचा. गिंबल बंद ठेवून आधी टिल्ट (वरखाली झुकणं), मग रोल (बाजूला कलणं), शेवटी पॅन. कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे. लेन्सचं झाकण काढून, फिल्टर लावून, स्क्रीन ज्या बाजूला उघडी ठेवणार तशी उघडून बॅलन्स करा. झेडव्ही-ई१० ची स्क्रीन बाजूला उघडते, आणि ती उघडली की वजन सरकतं. किट लेन्स तर कॅमेरा चालू केल्यावर पुढे येते, म्हणजे कॅमेरा चालू ठेवूनच बॅलन्स करायचा. माइकची वायर मऊ आणि सैल हवी. कडक वायर मोटरला सतत ओढत राहते, आणि लोक दोष गिंबलला देतात.

प्रकाशाचं थोडक्यात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा ‘पाल’ (त्या विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत) वर ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. मांडवातल्या एलईडी माळा आणि ट्यूबलाइट यात फडफडत नाहीत, आणि चालीलाही डोळ्याला पटेल इतका पुसटपणा राहतो. भर दुपारी पुळणीवर १/५० ठेवायचं तर एनडीशिवाय गत्यंतर नाही. २५ हजारांतले काही पैसे त्यासाठी राखून ठेवा. गिंबलवर सगळे घालवून एनडीविना शूट केलेला किनारा पांढराफटक येतो.

आता मिठाबद्दल. याकडे आपल्याकडची मंडळी सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला याची जबर किंमत मोजावी लागली आहे. काही वर्षांपूर्वी मांडवी किनाऱ्यावर एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूट होतं. एका लाटेचे तुषार गिंबलवर आले. मी रुमालाने पुसला, पिशवीत घातला आणि घरी येऊन विसरलो. दोन आठवड्यांनी टिल्टची मोटर गुरगुरायला लागली. त्यानंतरच्या लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, कॅमेऱ्याने मान टाकली. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या चित्रात नवरा-नवरीचे पाय होते. तो क्षण त्या कुटुंबाला मी परत देऊ शकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. गिंबल दुरुस्तीला पाठवला, तो अडीच महिन्यांनी तसाच परत आला. पाण्याने बिघडलेला आहे, वॉरंटीत बसत नाही, एवढंच लिहिलेलं.

या किमतीतल्या गिंबलांना पाण्यापासून संरक्षण नसतं, हे धरूनच चाला. किनाऱ्यावरून आलात की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने दांडे, सांधे, कुलपं, कॅमेऱ्याखालच्या प्लेटचे स्क्रू पुसायचे, मग कोरड्या फडक्याने. कोरडं फडकं एकट्याने पुरत नाही. मीठ नुसतं इकडचं तिकडे होतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. पुसल्यावर पंख्याखाली तासभर उघडा ठेवा, ओला असताना पिशवीत कोंबू नका. पावसाळ्याचे चार महिने घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसोबत. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग बदलला की तापवून कोरडे करता येतात. त्याच डब्यात लेन्सही ठेवा, नाहीतर सिग्मावर बुरशी चढेल. ज्या गिंबलची बॅटरी आतच बसवलेली आहे, आणि आरएस ३ मिनीची तशीच आहे, तो पावसाळाभर पूर्ण रिकामा ठेवू नका. साधारण निम्मी भरून ठेवायची आणि दोन महिन्यांनी बघायची. वाळूवर गिंबल कधीही टेकवू नका, छोट्या तिपाईवर सुद्धा नाही. एखादी जुनी गोणी किंवा पाट जवळ ठेवा.

वाऱ्याचंही सांगतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटला की लेन्सचं हूड शिडासारखं वागतं. हूड काढून ठेवा, गिंबल छातीजवळ घ्या आणि वाऱ्याकडे पाठ करा.

होडीत किंवा दाभोळ-धोपावे फेरीवर गिंबल वापरणार असाल तर तो जमिनीवर असताना, जेटीवरच चालू करा. चालू होताना गिंबल स्वतःला स्थिर समजून सरळ रेषा ठरवतो. हलत्या होडीत चालू केलात तर ती रेषाच वाकडी ठरते. होडी वळण घेते तेव्हाही बाहेरच्या ओढीने त्याची फसगत होऊन क्षितिज हळूहळू कलतं. सरळ चालत्या होडीतले शॉट घ्या, वळणातले सोडून द्या.

पालखीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पालखी नाचवताना गिंबल नेऊ नका. खांद्यावरची पालखी गर्रकन फिरते, माणसं मागेपुढे सरकतात, ढोल अंगावर येतो. तिथे हात पुढे काढून गिंबल धरलेला माणूस स्वतःच्या आणि नाचवणाऱ्यांच्याही वाटेत येतो. शिवाय त्या शॉटला थोडी थरथर शोभते, ती त्या नाचाचाच भाग आहे. कॅमेरा गळ्यात पट्ट्याने घट्ट, १६ मिमी लेन्स, कोपरं अंगाशी. गिंबल पालखी देवळातून निघताना, घरोघर ओवाळणीला येताना वापरा. दशावतार घेणार असाल तर तिथे तिपाईच हवी. मागे बसलेल्या माणसांना रात्रभर तुमची हालचाल बघायची नसते.

जुना घ्यायचा असेल तर दिवसा, विकणाऱ्याच्या घरी जाऊन घ्या आणि स्वतःचा कॅमेरा, स्वतःची सिग्मा बरोबर न्या. गिंबल बंद असताना तिन्ही सांधे हळूहळू फिरवा. कुठे वाळू दळल्यासारखं वाटलं तर तिथूनच परत फिरा. प्लेटखालचे आणि कुलपांचे स्क्रू बघा. गंज असेल तर आत काय असेल ते ओळखा. मग बॅलन्स करून टेबलावर दहा मिनिटं चालू ठेवा. क्षितिज कलता कामा नये, मोटर गुणगुणता कामा नये. तुमच्या फोनवरच्या ॲपला तिथेच जोडून बघा. ३ किलो क्षमतेच्या जुन्या गिंबलांत डीजेआयचा आरएससी २ आणि झियुनचा वीबिल एस हे दोन्ही माझ्या पाहण्यात दमदार आहेत. वीबिल एसच्या बॅटऱ्या काढून बदलता येतात, हा जुन्या वस्तूत मोठा फायदा. नवा घेताना जीएसटीचं बिल मागा आणि वॉरंटी कोण देणार, वस्तू दुरुस्तीला कुठे पाठवायची, हे बिलावर लिहून घ्या. हजार-दोन हजार स्वस्त म्हणून बिलाशिवाय घेतलेली वस्तू देवगडात बसून दुरुस्त होत नाही.

राहिली चाल. गिंबल तीन दिशांचं फिरणं थांबवतो, पण पावलागणिक होणारी वरखाली थांबवत नाही. ती गुडघ्यांनीच थांबवायची. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी, मग तळवा, मग बोटं, अशी पावलं. पुळणीवर चालायचं तर पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू निवडा. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि प्रत्येक पाऊल चित्रात दिसतं. हे शिकायला आमच्या वाडीतल्या बायकांना बघा. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, आणि जांभ्याच्या उंचसखल पायऱ्यांची पाखाडी. कमरेच्या वर काही हलत नाही. गिंबल यायच्या आधीच सराव सुरू करा. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला दोन्ही हातांत छातीपाशी धरायचा, अनवाणी, आणि खळ्यापासून माजघरापर्यंत जायचं. मी नव्या मुलांना पहिले आठ दिवस एवढंच करायला लावतो, आणि फरशी कोरडी राहायला लागली की मगच माझा गिंबल त्यांच्या हातात देतो.